आणखी कुठली गोळी?

“आणखी कुठली गोळी घेतली का हिनं? नीट आठवून सांगा. घाई नाही मला, पण खोटं नको.”

सिस्टर अचान लामारोचं नाक चिमटीत धरून उभी होती. लामारोची मान पुढे झुकलेली, खाली प्लास्टिकचं घमेलं, आणि घमेल्यात टपटप पडणारं रक्त. पहाटेपासून ते थांबत नव्हतं. कापसाचा बोळा लावावा, तो लाल व्हावा, काढून दुसरा लावावा. हिरड्याही पाझरत होत्या. बोलायला तोंड उघडलं की दात रंगलेले दिसत.

“आमच्या घरात औषध कुठलं असणार बाई?” सासू एरोजिना खाटेखालच्या चटईवरून म्हणाली. “हिच्याच औषधांनी कोनाडा भरलाय. आमचं डोकं दुखलं तर आम्ही फडकं बांधून झोपतो.”

“मी माझ्या हातानं देतो,” ओपिरा म्हणाला. मोटारसायकलवर भाडी मारणारा हा उंचापुरा गडी बायकोच्या पायाशी लहान मुलासारखा उभा होता. “रोज संध्याकाळी, गाडी लावली की. ती गुलाबी. एकच.”

सिस्टरनं लामारोकडं पाहिलं. लामारोनं डोळे उचलले, आधी थोरल्या जावेकडं, पिलोयाकडं पाहिलं, आणि मग मान हलवली. नाही.

“आणि तुम्ही हो? तुम्ही काही दिलंत?”

“नाही,” पिलोया म्हणाली. शब्द बाहेर पडला तो तिला दुसऱ्याच कुणाच्या तोंडचा वाटला.

“का विचारते ते ऐका. हिच्या छातीत धातूची झडप बसवलीय. तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून ती गुलाबी गोळी, वॉरफरिन. पण ती गोळी म्हणजे पहिली बायको आहे. घरात दुसरी आलेली तिला खपत नाही. साधी खोकल्या-तापाची गोळी घेतली, तरी तिच्या अंगात येतं, आणि रक्ताचं पाणी होतं.”

“मग माझ्या थोरल्या सवतीचंच नाव ठेवा की त्या गोळीला!” पलीकडच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, आणि वॉर्डभर हशा पिकला. लामारोसुद्धा कापसाआडून हसली.

पिलोया हसली नाही. साधी खोकल्या-तापाची गोळी.

लामारो या घरात आली ती छातीत आवाज घेऊनच. लहानपणी तिचा घसा सारखा दुखायचा, ताप यायचा, आणि घसा काय सगळ्याच पोरांचा दुखतो म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग गुडघे सुजले, मग घोटे, आणि सूज उतरता उतरता तो ताप आत शिरून हृदय कुरतडून गेला. कुणा दानशूर लोकांनी तिला विमानानं नेऊन झडप बसवून आणलं. तेव्हापासून ती टिकटिकते. शांत दुपारी आंब्याखाली बसली की हातभर अंतरावरून ऐकू येतं. पोरं कान लावत, “काकू, किती वाजले?” म्हणत, आणि ती म्हणे, “अरे, घड्याळ आहे, पण काटे बसवायचे राहिलेत!”

पिलोयाचा धंदा ओदीचा. तीळ आणि शेंगदाणे भाजायचे, दगडावर वाटायचे, तेल सुटून दाट तकतकीत ओदी झाली की मातीच्या गाडग्यात भरून बाजारात न्यायची. भाजीत घालायला पिलोयाची ओदी हवी म्हणून गुलूच्या बाजारात बायका तिच्यासाठी थांबत. “हिच्या हाताला चव आहे,” म्हणत. हाताला. ओदी हातानंच निपटायची, हातानंच भरायची असते.

लामारोला जड काम मना होतं. मग ती दगडाजवळ बसून गाणी जुळवी, आणि पिलोयाचे हात त्या चालीवर फिरत:

*एक गोळी पाण्याची, पायांची सूज नेण्याची,*
*एक गोळी गुलाबी, रक्ताला वाट देण्याची;*
*महिन्याला सुई येते, वाघिणीवाणी चावते,*
*घशातल्या चोराला बाई, दारातूनच हाकते.*

ती सुई पेनिसिलिनची. घशाचं दुखणं परत येऊन उरलंसुरलं हृदय खाऊ नये म्हणून महिन्याला एक. टोचून आली की लामारो लंगडत येई, आणि पिलोया गरम फडक्यानं तिचा खुबा शेकत असे. शेकता शेकता लामारो सगळं सांगे. स्वप्नं, भीती, ओपिरावरचा राग. पिलोया ऐके. तिच्याकडं सांगण्यासारखं एकच होतं, आणि ते ती सांगत नसे.

लामारोचं दुखणं सगळ्या गावाला ऐकू येई. पिलोयानं मात्र आपल्या दुखण्याचा आवाज बुजवून ठेवला होता. डबीत गोळ्या वाजतात म्हणून ती डबीत कापूस कोंबे. डबीवरचा कागद नखानं खरवडून काढे. तीळ स्वस्त मिळतात म्हणून कितगुमला जाते, असं ती घरी सांगायची. तीळ तिथं स्वस्त नव्हते. तिथल्या दवाखान्यात तिला कुणी ओळखत नव्हतं, एवढंच. नवरा ओचोला खोकत खोकत वाळून गेला तेव्हा गाव म्हणालं, करणी केली कुणीतरी. पिलोयानं मान डोलावली होती. त्यानंतर गुपचूप तपासून घेतलं, तेव्हा कळलं होतं, एचआयव्ही. तेव्हापासून रोजच्या गोळ्या, आणि त्यांच्या जोडीला ती मोठी पांढरी, कोट्रिमॉक्साझोल, इतर कुठल्या आजारानं शिरकाव करू नये म्हणून.

कळलं तर काय होईल याचं चित्र ती रोज बघे. एरोजिना म्हणेल, माझा पोरगा हिनंच खाल्ला. जमिनीचा तुकडा जाईल. आणि बाजारात गाडगी भरलेली राहतील. त्या हातानं निपटलेली ओदी कोण नेणार?

इथं औषध विस्तवासारखं असतं. आपल्याकडं आहे आणि शेजारी थंडीनं कुडकुडतोय, हे कुणाला बघवत नाही. गोळी मोडून अर्धी देतात, उरलेलं पातळ औषध बाटलीसकट देतात, पायावरच्या जखमेत कॅप्सूल फोडून भुकटी भुरभुरतात. गेल्या आठवड्यात लामारोला खोकला झाला. घुसमटून खोकली की छातीतली टिकटिक अडखळल्यासारखी वाटे. दवाखाना लांब, ओपिराची गाडी बिघडलेली. पिलोयाला राहवलं नाही. तिनं डबीतल्या मोठ्या पांढऱ्या गोळ्या काढून कागदाच्या पुडीत बांधल्या.

“सकाळी एक, संध्याकाळी एक. आणि बोलू नकोस कुणाला. आई म्हणतील, ही औषधं लपवून ठेवते.”

खोकला खरंच कमी झाला होता.

दुपारी एरोजिना रांधायच्या शेडकडं गेली, ओपिरा बाहेर गाडीच्या सीटवर पडला. पिलोया खाटेच्या कडेला बसली आणि अगदी हळू म्हणाली, “ती पुडी कुठाय?”

लामारोनं उशीखाली हात घातला. पुडी तिथंच होती, आता चपटी झालेली.

“अजून घेतेस?”

“काल रात्री घेतली की. खोकला राहिलाच आहे थोडा.” मग तिचा हात थांबला. “जाऊबाई, त्या सिस्टर म्हणाल्या ती... हीच का?”

पिलोयानं पुडी घेतली आणि कमरेच्या गाठीत खोचली. “आता घेऊ नकोस. आता बंद. आपोआप थांबेल रक्त.”

“थांबेल ना? मग झालं तर.” लामारोनं डोळे मिटले. झडप टिकटिकत होती, पण भरभर, कुणी मागं लागल्यासारखी. “परत विचारलं तरी मी नाहीच म्हणीन. तुम्ही भिऊ नका.”

“तुला... कळलं होतं?”

“माझ्या मावशीच्या घरी असल्याच गोळ्या असायच्या. तीही डबीत कापूस घालायची.” रंगलेल्या दातांनी ती किंचित हसली. “जाऊबाई, तुमचे हात किती गार पडलेत.”

पिलोया तिथून उठली ती संडासापर्यंत गेली. पुडी फेकावी असं तिच्या मनात आलं. हात कमरेपर्यंत गेला. पण गोळी फेकायची म्हणजे जगण्याचा एक दिवस फेकायचा, एवढं तिच्या अंगात मुरलं होतं. तिनं गाठ आणखी घट्ट केली आणि स्वतःला सांगितलं, पुडी निघाली, आता रक्त थांबेल. कुणाला काही कळायचं कारण नाही. दिवसभर ती तेच सांगत राहिली. बोळे मात्र लाल होतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर किझितो आले. दक्षिणेकडचे, चेहऱ्यानं शांत, इकडची बोली त्यांना येत नसे. ते इंग्रजीत बोलत आणि सिस्टर अचान ते मोठ्यानं उलगडून सांगे. खाट खाटेला लागून. एकाचं दुखणं साऱ्या वॉर्डाला पाठ. त्यांनी लामारोच्या बोटाला टोचून लहानशा यंत्रावर थेंब ठेवला, आकडा पाहिला, आणि परत पाहिला.

“वाढलाय,” सिस्टर म्हणाली. “गुलाबी गोळी कालपासून बंद आहे, थोडं औषधही दिलं उतरवायला, तरी वाढलाय. डॉक्टर म्हणतात, असं व्हायला नको. एक तर घरी कुणी भलत्याच गोळ्या दिल्यात, नाहीतर हिचं यकृत निकामी होतंय.”

“मी एकच देतो!” ओपिरा म्हणाला.

“कशावरून?” एरोजिना त्याच्यावर उसळली. “पिऊन आलास की तुला दार सापडत नाही, गोळी एक का दोन ते काय दिसणार!”

“आई, महिना झाला मी थेंब घेतला नाही!”

“देवळात सांग ते!”

डॉक्टरांनी हात वर केला. ते बराच वेळ बोलले. सिस्टर अचाननं या वेळी आवाज खाली आणला, तरी तो सगळ्यांना ऐकू गेला.

“कारण कळत नाही म्हटल्यावर आता मोठं इंजेक्शन द्यावं लागेल, रक्त एकदम घट्ट करणारं. न देऊन वाट बघावी, तर डोक्यात रक्तस्राव होईल. पण दिलं, तर झडपेवर गाठ धरू शकते. झडप अडकली तर... इथं काही करता येत नाही. डॉक्टर म्हणतात, मला हे करायचं नाही. कारण कळलं असतं, नुसतं कुठल्या गोळीशी भांडण झालंय असं असतं, तर थोडंसंच औषध देऊन, प्लाझ्मा लावून दम धरला असता.”

लामारोनं डोळे उघडले. ती पिलोयाकडं बघत नव्हती. मुद्दाम छताकडं बघत होती.

पिलोया उठली. “सिस्टर, जरा बाहेर येता का? एक बोलायचं होतं.”

“इथंच बोला ताई. बाहेर यायला मला पाय कुठून आणू? तिकडं दोघींना सलाईन लावायचंय, डॉक्टर पुढं निघालेत.”

एरोजिना बघत होती. ओपिरा बघत होता. सवतीचा विनोद करणारी म्हातारी कोपरावर उठून बसली होती.

“मी दिली गोळी,” ती म्हणाली. “खोकला होता म्हणून. मोठी, पांढरी. कालच काढून घेतली मी.”

“कुठली? नाव?”

“नाव... नाही माहीत. दुकानातून आणली.”

सिस्टरनं डॉक्टरांना सांगितलं. ते तिथंच थांबले, वळले. “डॉक्टर विचारतात, दाखवता येईल का? दुकानात सुट्या गोळ्या रंगावरून विकतात. नुसत्या पांढऱ्या म्हणण्यावर एवढा मोठा निर्णय घेता येत नाही त्यांना.”

पिलोयानं कमरेची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. आदल्या दिवशी फार घट्ट मारली होती. अखेर पुडी निघाली, सिस्टरच्या तळहातावर उघडली गेली. सिस्टरनं एक गोळी उजेडाकडं धरली. तिच्यावर सरकारी अक्षरं कोरलेली होती, फुकट वाटायच्या औषधावर असतात ती. सिस्टरची नजर गोळीवरून पिलोयाच्या चेहऱ्यावर आली. क्षणभरच. मग तिनं मूठ मिटली.

“कोट्रिमॉक्साझोल,” ती डॉक्टरांना म्हणाली, आणि मग इकडं वळून, गरजेपेक्षा मोठ्यानं, “दुकानदार सरकारी माल चोरून विकतात हल्ली. त्यांनी दिल्या असतील.”

केवढी वाट मोकळी करून दिली होती सिस्टरनं. पिलोयाला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

“कुठला दुकानदार?” ओपिराचा आवाज बदलला होता. “आपल्या नाक्यावरचा ओलारा? लंगडा? तोच ना? एकच तर दुकान आहे!” त्यानं खिशातून किल्ली काढली. “चोरीच्या गोळ्या विकतो साला! माझ्या बायकोचं रक्त... पोरांना घेऊन जातो. दुकानासकट पेटवतो त्याला. बघाच!”

“ओपिरा, थांब,” पिलोया म्हणाली.

“वहिनी, तुम्ही नका मध्ये पडू! तुम्हाला फसवलं त्यानं!”

तो दरवाजापर्यंत पोचला होता. नाक्यावरची पोरं कशी गोळा होतात ते पिलोयानं पाहिलेलं होतं. कुणीतरी “चोर” म्हणायचा अवकाश. ओलाराला पळतासुद्धा येत नव्हतं.

“दुकान नाही,” ती म्हणाली. तो थांबला नाही, म्हणून मोठ्यानं म्हणाली. “ओपिरा, दुकान नाही! गोळ्या माझ्या आहेत. कितगुमच्या दवाखान्यातल्या. मी रोज घेते त्या. तुझी वहिनी ओचोलासारखी वाळून गेली नाही, ती याच गोळ्यांमुळं. यांच्या जोडीच्या दुसऱ्याही आहेत. त्या मी हिला दिल्या नाहीत. डॉक्टरांना सांगा सिस्टर, त्या दिल्या नाहीत.”

सिस्टरचं भाषांतर पहिल्या शब्दावरच अडलं. डॉक्टर किझितोंना सगळं कळलं असावं. त्यांनी पिलोयाकडं पाहून मान किंचित झुकवली आणि मग भराभर सूचना दिल्या. मोठं इंजेक्शन नाही. अगदी थोडं औषध, एक पिशवी प्लाझ्मा, दर काही तासांनी बोटाची तपासणी. ही गोळी अंगातून जायला वेळ लागेल. मग गुलाबी पुन्हा, सावकाश.

“म्हणजे वाचेल?” ओपिरानं दारातूनच विचारलं.

“आता वाट तरी दिसली,” सिस्टर म्हणाली.

एरोजिना चटईवर बसली होती ती हलली नव्हती. ती बोलली, पिलोयाकडं न बघता, जमिनीशी बोलावं तशी.

“माझा ओचोला. त्याच दुखण्यानं गेला?”

“हो आई.”

“करणी नव्हती?”

“नव्हती.”

कुणाचं कुणाला लागलं, हे एरोजिनानं विचारलं नाही. तिनं मनाशी ठरवलंच होतं ते, चेहऱ्यावर दिसत होतं. पिलोयाला खरं माहीत होतं. ओचोला ट्रकवर क्लीनर होता तेव्हापासूनचं सगळं माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. म्हातारीचा थोरला मुलगा मातीत होता, आणि त्याचं नाव आजवर स्वच्छ होतं. पिलोया ते वाक्य बोलली नाही.

एरोजिनानं चटई उचलली आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला नेऊन अंथरली.

ओपिरा किल्ली हातात घेऊन उभाच होता. त्याचे ओठ हलले, “व...” एवढं झालं, आणि तो बाहेर निघून गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज मात्र आला नाही.

लामारोनं पांघरुणातून हात काढला आणि जावेचा हात धरायला पुढं केला. पिलोयानं तो धरला नाही. इतके डोळे लागले होते तिच्या हाताकडं. तिनं पांघरूण तेवढं नीट केलं.

प्लाझ्माची पिशवी रिकामी झाली, रात्र सरली, आणि दुसऱ्या दिवशी कापसाचा बोळा काढला तो गुलाबीसर निघाला. नंतरचा पांढरा. आकडा उतरत होता. “तीळ आहेत का शिल्लक घरी?” लामारोनं विचारलं. भूक लागल्यावर ती असंच आडून विचारत असे. पिलोयानं मान हलवली. तिनं खाटेवरची रक्ताळलेली चादर ओढून घेतली, घमेल्यात घातली आणि नळावर गेली.

नळावर नातेवाईक बायकांची रोजच्यासारखी गर्दी होती. एकमेकींच्या भांड्यांना भांडी लागलेली, बडबड चाललेली. पिलोया आली तशी बडबड विरत गेली. एकीनं आपली बादली उचलली. दुसरीनं अर्धवट धुतलेली पातेली गोळा केली. कुणी वाईटसाईट बोललं नाही. सवतीवाल्या म्हातारीची सून तेवढी जाता जाता म्हणाली, “घ्या, तुम्ही घ्या आधी,” आणि नजर चुकवून बाजूला झाली. नळ मोकळा झाला.

पिलोयानं घमेलं धारेखाली धरलं. घाई करायचं कारण नव्हतं. थंड पाण्यात चादर बुडवून तिनं डाग चोळला, पाणी ओतलं, पुन्हा चोळला. पाणी लाल, मग विटकरी, मग नितळ झालं. डागाची कड राहिली. ती निघाली नाही. तिनं चादर पिळली.

मागं कुंपणापासून कडुनिंबापर्यंत तार बांधलेली होती. एरवी तिथं वीतभर जागेसाठी बायका भांडत, चादरी चौघडी करून कोंबाव्या लागत. आज पिलोया जवळ येताना दिसली तसे कपडे भराभर सरकले, निघाले, काही ओलेच खांद्यावर गेले. सगळी तार तिची झाली.

तिनं चादर झटकली. तिच्या दोन्ही टोकांना धरून, एकही सुरकुती न ठेवता, ती पुरी लांबरुंद तारेवर पसरली.